दिल्लीकडे तोंड करून

शनिवारवाड्याला दरवाजे पाच आहेत, पण भाव खाऊन जातो तो एकच. गणेश, जांभूळ, खिडकी, मस्तानी हे आपापल्या बाजूला गपचूप उभे. "वाड्यापाशी भेटू" म्हणणारा पुणेकर येऊन थांबतो तो मात्र दिल्ली दरवाज्यासमोरच. जवळ जाऊन पाहा. फळ्यांवर रांगेनं अणकुचीदार लोखंडी खिळे, हत्तीनं धडक दिली तर त्याचं कपाळच फुटावं अशा उंचीवर. एका फळीत दिंडी दरवाजा. आत जायचं तर एकेकट्यानं आणि मान लववून. सहलीची पोरं त्यातूनच घुसण्यासाठी भांडतात.

असे दिल्ली दरवाजे गावोगाव आहेत. आग्र्याच्या किल्ल्याला आहे, अहमदाबादला आहे, मुलतानला आहे. लाहोरच्या दिल्ली दरवाज्यातून आत शिरलं की लगेच वजीर खानानं १६३५ च्या सुमारास बांधलेलं शाही हमाम लागतं. लांबच्या प्रवाशानं आधी अंघोळ करावी हे बरंच. आणि गंमत म्हणजे दिल्लीच्या लाल किल्ल्याला लाहोरी दरवाजा आहे. दोन शहरं एकमेकांकडे तोंड करून बसलेली. १९४७ नंतरही नावं तीच राहिली. पंधरा ऑगस्टला पंतप्रधान भाषण करतात ते या लाहोरी दरवाज्यावरच्या तटावरून!

खुद्द दिल्लीतही दिल्ली दरवाजा आहे. दिल्लीतून दिल्लीला जायला दरवाजा कशाला? तर शाहजहानानं वसवलेलं शहर नवं होतं आणि त्याच्या दक्षिणेला जुन्या दिल्ल्या पसरलेल्या होत्या. दरवाजा तिकडे उघडायचा.

हे आपल्याकडचंच खूळ नाही. रोमच्या नावाचा दरवाजा, पोर्टा रोमाना, फ्लॉरेन्समध्ये आहे, सिएनात आहे, मिलानमध्येही आहे. ब्रँडेनबर्ग दरवाजा म्हटलं की बर्लिनचा डोळ्यांपुढे येतो, पण शेजारच्या पॉट्सडॅममध्ये त्याच नावाचा दरवाजा त्याच्या आधीच, १७७१ पर्यंत उभा राहिला होता. दोन्हींची नजर ब्रँडेनबर्ग गावाकडे. जेरुसलेमला तर एकाच दरवाज्याची दोन नावं: कुणी त्याला याफाचा म्हणतं, तर अरबीत तो हेब्रॉनचा. ज्याला जिकडे जायचं असेल तिकडचा.

मला विचाराल तर हे सगळे दरवाजे म्हणजे दगडी पाट्या. रस्ता रोमला जातो, दरवाजा रोमचा, विषय संपला. आपला वाडा यात बसत नाही. एक तर हा शहराचा दरवाजा नाही, घराचा आहे. आणि त्यातून सरळ निघालं तर चार पावलांवर मुठेचं पात्र. दिल्ली तिथून चौदाशे किलोमीटरच्या वर. रस्ता दाखवायला कुणी असं नाव ठेवत नाही. वाड्याची वास्तुशांत १७३२ ची, आणि पाचच वर्षांत बाजीराव खरोखर दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकला. नाव आधी कुणाच्या तोंडी आलं ते असो, घरमालकाला शोभलं एवढं खरं.

हे पुराण मी परवा दादाला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या मावसभावाला ऐकवलं, तर तो ढिम्म.

"आमच्याकडं पण आहे की दिल्ली दरवाजा. तुमच्यासारखं तिकीट नाही, रोज स्कूटर घेऊन खालून जातो."

"तुमचा मोगलांचा. आमचा मोगलांना बघून घेतो म्हणणाऱ्याचा."

"बरं. आणि आमच्या गावाचं जुनं नाव काय होतं? खडकी. मलिक अंबरनं वसवलेलं. ती खडकी पण तुम्ही घेतली."

हे मात्र वर्मी लागलं. आमच्या खडकीचा विषय वाड्यासमोर उभं राहून काढू नये. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची फौज इंग्रजांकडून हरली ती खडकीलाच, आणि १७ तारखेला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. खिळे, बुरूज, नगारखाना, सगळं जागच्या जागी होतं. हत्तीनं धडक द्यायची वेळच आली नाही.

दादा म्हणाला, "मग दरवाज्याचं नाव लंडन दरवाजा ठेवायला पाहिजे होतं."

त्याला मी तुळशीबागेत नेऊन मावशीसाठी पितळी समई घेऊन दिली, तेव्हा कुठे तो गप्प बसला. पैसे मीच भरले.