शून्य कुठून धरलंस?

नववीच्या पावसाळ्यात विज्ञानाच्या बाईंनी आमचा अख्खा वर्ग मैदानात आणून उभा केला. बारा मीटरची जाड पारदर्शक नळी, आत लाल शाई घातलेलं पाणी काठोकाठ, दोन्ही टोकांना घट्ट बुचं. एक टोक बादलीत बुडवलेलं, दुसरं दोराला बांधून शिपाईकाकांनी गच्चीवर ओढून धरलेलं. बादलीतलं बूच काढायचं काम माझ्याकडे होतं. काढताच पाणी झरकन उतरलं, जरा हिंदकळलं आणि थांबलं. टेप लावली, तर दहा मीटरला थोडं कमी.

"बाई, हवेचा दाब १०.३ मीटर पाणी तोलतो, असं पुस्तकात आहे!"

बाईंना हाच प्रश्न हवा होता. वरची जागा रिकामी दिसते, पण तिथे पाण्याची वाफ आणि पाण्यातून सुटलेली हवा आहे, ती पाण्याला खाली दाबते, असं त्यांनी समजावलं. मग फळ्यावर ७६ सेंटिमीटर पारा गुणिले १३.६ केलं, कारण पारा पाण्याच्या १३.६ पट जड. उत्तर १०३३.६ सेंटिमीटर. टॉरिचेलीने १६४३च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला, म्हणून त्याला मीटरभर नळी पुरली. पारा असो की पाणी, तोलायची हवा तीच, हे त्या दिवशी डोळ्यांना दिसलं. त्यानंतर कुणी दाबाचं उत्तर सांगितलं की बाई विचारायच्या, "शून्य कुठून धरलंस?"

पुढे रबाळ्याला एमआयडीसीत कॅलिब्रेशनच्या, म्हणजे दाब मोजणारी उपकरणं तपासून जुळवायच्या कामाला लागलो. तिथे सगळे 'केजी' म्हणतात, म्हणजे किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. सात केजी म्हणजे जवळजवळ शंभर पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), आणि बारमध्ये ६.८६. एक बार म्हणजे एक लाख पास्कल. हे आकडे महिनाभरात तोंडपाठ झाले आणि तिथेच मी चुकलो. एका कारखान्याचा ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून आकडा पुढे पाठवणारं उपकरण, टेबलावर मोकळ्या हवेत १.०१ बार दाखवत होता. मला वाटलं, बिघडलाय. मी तो शून्यावर आणून पाठवून दिला. खरं तर तो निरपेक्ष दाब मोजणारा होता. त्याचं शून्य निर्वातात. आपल्या नेहमीच्या गेजचं, म्हणजे साध्या दाबमापकाचं शून्य मात्र बाहेरच्या हवेच्या दाबावर. तिकडे प्रत्येक वाचन एक बारने कमी येऊ लागलं आणि त्यांचं एक दिवसाचं काम थांबलं. साहेबांसमोर उभा असताना मला बाईंचाच आवाज ऐकू येत होता. एका एककाचे आकडे दुसऱ्यात बदलण्यात माझी चूक नव्हती, मी तो प्रश्नच विचारला नव्हता.

आज माझ्या हाताखालच्या मुलांना बारचे पीएसआय करायला मी १४.५ने गुणायला सांगतो, पण त्याआधी कागदावर 'गेज' की 'निरपेक्ष' ते लिहून घेतो. ते लिहिलेलं नसेल तर कागद परत जातो.

बाई आता नाहीत. शाळेच्या सुवर्णमहोत्सवात तो प्रयोग नववीच्या मुलांना पुन्हा दाखवावा, ही माझी मनापासून विनंती आहे. नळी आणि दोर मी घेऊन येतो. बादलीतलं बूच मात्र एखाद्या विद्यार्थ्याला काढू द्या.