पेरूच्या जेलीचा गॅस नेमका कधी बंद करायचा? माझा अनुभव

आमच्या आवारातलं पेरूचं झाड दिवाळीच्या सुमारास असं लगडतं की खाऊन, शेजारीपाजारी वाटून, कोशिंबीर करूनही टोपली रिकामी होत नाही. म्हणून जेली. आता ती मला सुरेख जमते आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सुरुवातीला जी साखर आणि जो वेळ वाया गेला, त्याचा राग अजून गेलेला नाही. राग आहे तो पाककृतींवर. जिथे पाहावं तिथे एकच वाक्य, ‘एकतारी पाक झाला की गॅस बंद करा.’ कुठे दोनतारी. मावशीला फोन केला, तर तीही म्हणाली, ‘अगं, तार आली की उतरव, त्यात काय!’

त्याआधीचं काम सरळ आहे. पेरू सालीबियांसकट चिरायचे, बुडतील एवढंच पाणी घालून मऊ शिजवायचे, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगायचे. पुरचुंडी पिळायची नाही, गर उतरून जेली गढूळ होते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर आणि चमचाभर लिंबाचा रस.

आता तारेचं. तार दिसते ती साखर किती आटली त्याची. जेली धरते ती फळातलं पेक्टिन (रसाला घट्ट धरणारा फळातलाच पदार्थ), आंबटपणा आणि साखर या तिघांच्या जोरावर. पेक्टिनच कमी असेल तर कितीही तार येऊ दे, बरणीत पाकच राहणार. आणि पेक्टिन भरपूर असताना दोनतारीची वाट पाहिली, तर चमचा रुतून बसेल इतकी चिवट जेली होते. माझं दोन्ही झालं, तेही लिहिलंय तसंच करून. शिवाय उकळता रस दोन बोटांत धरून तार बघायची म्हणजे बोटं भाजून घ्यायची.

मला उपयोगी पडली ती स्टीलची ताटली. ती आधीच फ्रीजरमध्ये ठेवायची. रसाचे बुडबुडे मोठे आणि जड व्हायला लागले की गॅस बारीक करून ताटलीवर एक थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि बोटाने कडेने हळूच ढकलायचा. वर साय धरल्यासारखी बारीक सुरकुती पडली की झालं. थेंब नुसताच पुढे वाहिला तर आणखी दोन मिनिटं. पळी आडवी धरूनही कळतं. आधी थेंब सुटे सुटे पडतात, मग कडेला दोन थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे एकदम सुटतात.

थर्मामीटर असेल तर जेली झाल्याची खूण म्हणून सांगतात तो 105 अंश हा आकडा डोळे मिटून घेऊ नका, तो समुद्रकिनाऱ्यावरचा आहे. पुणं सुमारे 560 मीटर उंचीवर, इथे पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरात त्याहूनही आधी. आधी साधं पाणी उकळून आकडा बघा आणि त्यात साडेचार-पाच अंश मिळवा. माझी जेली 102-103 ला होते. हे एका तरी पाककृतीत लिहायला काय हरकत होती?

हो, पेरू निवडताना निम्म्याहून जास्त अर्धवट पिकलेले, कडक घ्या, पेक्टिन त्यांच्यात असतं. पूर्ण पिकलेले थोडे, वासापुरते. पातेलं रुंद आणि अर्ध्याहून कमी भरलेलं हवं, कारण फेस भसकन वर येतो. एका वेळी तीन-चार वाट्याच रस घ्या. फार वेळ उकळत राहिलं की पेक्टिनच मोडतं. पांढऱ्या गराच्या पेरूंचीही जेली आटताना लालसर होते, रंग घालायची गरज नाही.

बरणीत ओतल्यावर ती पातळच दिसते. घाबरून लगेच परत आटवू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत हलवूही नका. तरीही धरली नाही, तर थोडा लिंबाचा रस घालून पुन्हा उकळा, आणि ताटली फ्रीजरमध्ये आहे ना ते आधी बघा.