तुम्ही विचारलंत म्हणून: सुरी कुठली घेऊ?

आमच्या नात्यागोत्यात मला जेवायला बोलावतात तेव्हा "मिठाई नको, दगड आण" असं बजावतात. पानं घेईपर्यंत मी सिंकपाशी उभा राहून त्यांच्या सुऱ्यांना धार लावतो. तेवढ्यात प्रश्न येतोच: "ही टाकूनच देते. नवी कुठली घेऊ? महाग नको हं."

आधी ही टाकू नका. बहुतेक सुऱ्या वाईट नसतात, नुसत्या बोथट असतात, आणि बोथट करतो तो आपला ओटा. ग्रॅनाइट पोलादाहून कठीण. टोमॅटो थेट ओट्यावर चिरला की प्रत्येक घावाला धार दुमडते. लाकडी पाट वापरा. काचेचा तर कुणी भेट दिला तरी नको.

दारावर येणाऱ्या धारवाल्याला मी नावं ठेवत नाही, पण ठिणग्या उडवत सुरी दाबून धरणारा असला तर पात्याची कड तापून निळसर पडते. पोलादाचं पाणी उतरलं म्हणतात ते हेच. मग धार चार दिवस टिकत नाही.

माझा दगड हार्डवेअरच्या दुकानातला, कार्बोरंडमचा, एक बाजू जाड दाण्याची, एक बारीक. (या नावात आपला कुरुंदच लपलाय. तमिळमधला तो शब्द इंग्रजीत गेला आणि कार्बनशी जोडून परत आला.) बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचा. सुरी दगडावर काटकोनात उभी धरा, निम्मी कलती करा, पुन्हा निम्मी. तो कोन सोडायचा नाही. मुठीपासून टोकापर्यंत एकाच बाजूनं घासत राहा. थोड्या वेळानं उलट्या बाजूच्या कडेवर अंगठा आडवा, पात्याकडून बाहेर फिरवला की बारीक खरखर लागते. ती पूर्ण लांबीभर लागेपर्यंत सुरी उलटायची नाही. सगळे चुकतात ते इथेच. मग दुसरी बाजू, मग दगडाच्या बारीक बाजूवर हलक्या हातानं दोन्ही. दगडच नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत कडसुद्धा आठवडाभराचं काम भागवते.

आणि घ्यायचीच असेल तर व्हिक्टोरिनॉक्सची छोटी, सरळ पात्याची. काही शे रुपयांत मिळते. पोलाद फार कडक नाही, म्हणून घरच्या दगडावर झटकन धार धरते. दातेरी मात्र घेऊ नका, ती सपाट दगडावर लागत नाही. महागडी जपानी सुरी सुंदर असते, पण तिचं पातं कडक आणि पातळ. आपण तिनं सुरण कापणार, कैरीची कोय फोडायला बघणार, आणि कडेचा टवका उडणार. कोयीला अडकित्ता आहे की! विळी असेल तर ती मोडीत काढू नका. लोखंडी पात्याला धार सगळ्यात लवकर येते, फक्त धुतल्यावर लगेच पुसा.

हल्ली सुरी परत देताना वर्तमानपत्रात गुंडाळून देतो आणि "जपून" म्हणतो. बोथट सुरीवर जोर लावायची हाताला सवय झालेली असते. शेजारच्या काकू दोन दिवसांनी बोटाला पट्टी बांधून आल्या. सुरी पुढे करून म्हणाल्या, "अरे, हिला जरा पहिल्यासारखी करून दे."