जुन्या पीसीवर विंडोज ११: बेंचवरची नोंद

सध्या टेबलावर पाच मशीन आहेत. जी४१ मदरबोर्डावरचा कोर टू ड्युओ ई८४००, एच६१ वरचा आय५-३४७०, ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ७०४० (आय५-६५००), बी३५० वरचा रायझन ५ १६०० आणि आठव्या पिढीचा आय५ बसवलेला एक असेंबल्ड पीसी. पाचहीवर मायक्रोसॉफ्टचं पात्रता तपासणारं पीसी हेल्थ चेक चालवलं, तर उत्तर एकच: हा पीसी पात्र नाही. पण पाचांची कारणं वेगळी आहेत आणि इलाजही. कुठे मशीनला जमतच नाही, कुठे जमतं पण सेटअप अडवतो, आणि कुठे नुसती बायोसमधली (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) एक सेटिंग बंद असते. हे आधी वेगळं करायचं, मग पेनड्राइव्हला हात लावायचा.

कागदावरच्या अटी थोडक्यात: ६४ बिट, किमान दोन कोअर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (सही तपासूनच सिस्टिम सुरू करण्याची) क्षमता, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप किंवा फर्मवेअर), आणि यादीत असलेला प्रोसेसर. इंटेलची यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून आणि एएमडीची रायझन २००० पासून सुरू होते. सातव्या पिढीतले कोर एक्स आणि आय७-७८२०एचक्यू असे मोजके अपवाद आहेत.

(कमांड खाली देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थात रोमनमध्येच करायच्या.)

ई८४००: इथे खरी भिंत

२३एच२ आवृत्तीपर्यंत हा प्रोसेसर विंडोज ११ बूट करायचा. २४एच२ पासून कर्नललाच (विंडोजचा गाभा) पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या प्रोसेसरच्या सूचना (इन्स्ट्रक्शन्स) लागतात. ई८४०० मध्ये एसएसई ४.१ आहे, ४.२ नाही. रजिस्ट्रीत काहीही लिहा, रूफसने (इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारं टूल) काहीही वगळा, ज्या सूचना सिलिकॉनमध्येच नाहीत त्या येणार कुठून? सेटअप जबरदस्तीने पुढे ढकललाच, तर लोगोवर अडकणे किंवा रीस्टार्टचा फेरा, एवढंच हाती लागतं. कोर टू क्वाडचंही तेच. एएमडी फिनॉम टू मध्ये पॉपकाउंट आहे, पण एसएसई ४.२ नाही, म्हणून तोही बाद. इंटेलमध्ये पहिल्या पिढीच्या कोर आय५, आय७ पासून आणि एएमडीत बुलडोझरपासून पुढे ही अडचण येत नाही.

तपासायला सीपीयू-झेड हे टूल पुरतं. इन्स्ट्रक्शन्सच्या ओळीत एसएसई ४.२ दिसलं की पॉपकाउंट असतंच. दोन्ही वेगवेगळं बघायचं असेल तर सिसइंटर्नल्सचं कोअरइन्फो, डॅश एफ लावून. नावापुढे तारा म्हणजे आहे, आडवी रेघ म्हणजे नाही.

२३एच२ टाकून वेळ मारून नेण्यातही आता अर्थ नाही, कारण होम आणि प्रोचा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला. विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला होता, पण २२एच२ वर असलेल्या घरगुती मशीनला ईएसयू या मुदतवाढीच्या योजनेतून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्ज सिंक चालू ठेवलं तर पैसे पडत नाहीत, नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं. या मशीनवर ईएसयू घेतलं आहे, पुढे लिनक्स मिंट. विषय संपला.

आय५-३४७०: चालतं, पण सेटअपची परवानगी नाही

सूचना सगळ्या आहेत. टीपीएम नाही, प्रोसेसर यादीत नाही. बऱ्याच एच६१ बोर्डांवर टीपीएम मॉड्यूलचा हेडर असतो, तो बघून मॉड्यूल मागवायचा मोह होतो. मागवू नका. टीपीएम आलं तरी प्रोसेसरवर अडतंच, आणि दोन्ही वगळायची युक्ती एकच आहे.

आहे ते विंडोज १०, फाइल्स आणि प्रोग्रॅम ठेवून वर चढवायचं असेल तर सर्वांत कमी कटकटीची वाट रूफस (४.६ किंवा नंतरचं). अधिकृत आयएसओ (विंडोज बसवायची फाइल), ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, आणि विचारल्यावर ४ जीबी रॅम, सिक्युअर बूट, टीपीएम या अटी काढण्याच्या पर्यायावर टिक. मग पेनड्राइव्हवरून बूट न करता, चालू विंडोजमधूनच त्यातला सेटअप चालवायचा. दुसरी वाट: आयएसओ माउंट करून कमांड प्रॉम्प्टवर सेटअप डॉट ईएक्सई, स्पेस, स्लॅश प्रॉडक्ट, स्पेस, सर्व्हर. पडद्यावर विंडोज सर्व्हर बसवत असल्याचं दिसतं, बसतं मात्र नेहमीचंच होम किंवा प्रो.

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते भाषेवर. फाइल्स आणि ॲप्स ठेवण्याचा पर्याय फिका दिसला की तिथेच थांबा, पुढे नेक्स्ट दाबू नका. आपल्याकडच्या मशीनवर कधी इंग्लिश युनायटेड स्टेट्स असतं, कधी इंग्लिश इंटरनॅशनल, आणि आयएसओ त्याच भाषेचा नसेल तर अपग्रेड होत नाही, प्रोग्रॅम उडतात. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर डिझम स्लॅश ऑनलाइन स्लॅश गेट-इंटल चालवा. डिफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज एन-यूएस असेल तर युनायटेड स्टेट्स, एन-जीबी असेल तर इंटरनॅशनल.

सी ड्राइव्हवर २५-३० जीबी मोकळे ठेवा. सेटअपने सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता येत नसल्याची तक्रार केली, तर ते छोटं पार्टिशन भरलेलं असतं. त्यातल्या बूट फोल्डरमधले फॉन्ट उडवले की सहसा पुरेशी जागा होते. जीपीटी डिस्कवर (पार्टिशनची नवी मांडणी, जुनी ती एमबीआर) माउंटव्हॉल वाय कोलन स्लॅश एस करून ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फॉन्ट्स इथे जायचं. फक्त फॉन्ट. शेजारचं काही नाही.

हा एच६१ लीगसी (जुन्या बायोस पद्धतीच्या) बूट आणि एमबीआर डिस्कवरच ठेवला आहे. अटी वगळून बसवलेलं विंडोज ११ तसंही चालतं, यूईएफआयचा हट्ट कशाला. एच६१ ला साटाचे पोर्ट ३ गिगाबिटचेच असतात, म्हणजे एसएसडी साधारण निम्म्या वेगाने चालेल. तरी हार्डडिस्क काढून एसएसडी लावाच, त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. एनव्हीएमई एसएसडीच्या नादी लागू नका, या पिढीचे बोर्ड मूळ बायोसवर त्यावरून बूट करत नाहीत.

मेमरी इंटिग्रिटी (ड्रायव्हर तपासणारी विंडोजची सुरक्षा सोय) बंद ठेवा. केबी लेकपासूनच्या (सातवी पिढी) इंटेल आणि झेन २ पासूनच्या एएमडी प्रोसेसरमध्ये या कामाला हार्डवेअरची मदत आहे. त्याआधीच्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरने नक्कल करून होतं आणि मशीन जडावतं. प्रेस किंवा डीटीपीच्या मशीनवर आणखी एक कारण: जुन्या टंकन सॉफ्टवेअरच्या डोंगलचा (परवान्याची किल्ली) ड्रायव्हर तिने अडवला, तर सॉफ्टवेअर उघडणारच नाही. अशा मशीनवर अपग्रेडआधी डोंगलचा नवा ड्रायव्हर शोधा, नसेल तर ते मशीन विंडोज १० वरच राहू द्या.

ऑप्टिप्लेक्स ७०४०

लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही रिफर्बिश्डच्या दुकानात असलं मशीन विंडोज ११ घालूनच मिळतं. विकणारा सांगणार नाही, पण ते अटी वगळून बसवलेलं असतं, कारण सहावी पिढी यादीत नाही. तक्रारीचं कारण नाही, फक्त किंमत करताना लक्षात ठेवा.

यात टीपीएमची वेगळी चिप आहे आणि ती बहुधा १.२ वर असते. डेलचं फर्मवेअर टूल वापरून ती २.० करता येते: बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) सस्पेंड, टीपीएमचं ऑटो प्रोव्हिजनिंग बंद, बायोसमधून टीपीएम क्लिअर, मग टूल. पण खास ११ साठी हे करायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टनेच २०२१ मध्ये एक रजिस्ट्री नोंद जाहीर केली होती, तिला टीपीएम १.२ पुरतं: एचकी लोकल मशीन, सिस्टिम, सेटअप, मोसेटअप, तिथे अलाऊ-अपग्रेड्स-विथ-अनसपोर्टेड-टीपीएम-ऑर-सीपीयू नावाची ३२ बिट डीवर्ड, किंमत १. नाव सलग, मधे स्पेस किंवा रेघ नाही. एक अक्षर चुकलं तरी सेटअप जुनंच उत्तर देतो आणि माणूस युक्तीला दोष देत बसतो.

रायझन ५ १६००

फर्मवेअर टीपीएम २.० आहे, यूईएफआय आहे, सूचना आहेत, फक्त नाव यादीत नाही. अटी वगळून चालवता येतं, पण इथे प्रोसेसर बदलणं जास्त शहाणपणाचं. एएम४ सॉकेट असल्याने वापरलेला रायझन ५ ३६०० किंवा ५६०० त्याच बोर्डात बसू शकतो, आणि मशीन रीतसर पात्र होतं. आधी बोर्डाच्या पानावरची सीपीयू यादी पाहा, जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करा, मग नवा बसवा. क्रम उलटला तर पडदा काळा. बायोस घेताना त्याखालची टीपही वाचा. काही आवृत्त्यांमधून जुन्या चिपचा सपोर्ट काढलेला असतो, मग परत १६०० लावून बूट होत नाही. एफटीपीएम (तेच फर्मवेअर टीपीएम) चालू केल्यावर मधूनच क्षणभर अडखळणं आणि आवाज तुटणं होत असेल, तर एजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ किंवा पुढचं असलेलं बायोस टाका, दोष त्यात दुरुस्त झाला आहे.

आठवी पिढी, तरी अपात्र

हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो आणि यात वगळावगळी करायची नसते. असेंबल करणाऱ्याने सवयीने लीगसी बूट आणि एमबीआर ठेवलेलं असतं, पीटीटी (इंटेलचं फर्मवेअर टीपीएम) बंद असतं. पीटीटी असूसच्या बोर्डांवर ॲडव्हान्स्ड, पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन इथे, एमएसआयवर सिक्युरिटी, ट्रस्टेड कंप्युटिंग इथे. चालू केल्यावर टीपीएम डॉट एमएससी उघडून स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसतं का पाहायचं.

डिस्क एमबीआरमधून जीपीटीत बदलायला एमबीआर२जीपीटी ही कमांड. आधी स्लॅश व्हॅलिडेट स्लॅश अलाऊफुलओएस, ते पास झालं तरच व्हॅलिडेटच्या जागी स्लॅश कन्व्हर्ट. आपल्याकडे हे नापास होण्याचं कारण ठरलेलं: सी सोडून डी, ई, एफ हे एक्स्टेंडेड पार्टिशनमधले लॉजिकल ड्राइव्ह असतात आणि या टूलला एक्स्टेंडेड पार्टिशन चालतच नाही. प्रायमरीही तीनपेक्षा जास्त नकोत. त्यामुळे डी, ई, एफवरचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर, लॉजिकल ड्राइव्ह डिलीट, मग उरलेलं एक्स्टेंडेड डिलीट, आणि पुन्हा व्हॅलिडेट. कन्व्हर्टनंतर रीएजंट डॉट एक्सएमएलची तक्रार आली तर घाबरू नका. रीएजंटसी स्लॅश डिसेबल, मग स्लॅश एनेबल. हे सगळं यूपीएसवर, कारण अर्ध्यात लाइट गेली तर डिस्क ना धड एमबीआर ना धड जीपीटी.

कन्व्हर्ट झाल्याबरोबर बायोसमध्ये सीएसएम (लीगसी बूट चालू ठेवणारी सेटिंग) बंद करून यूईएफआय बूट निवडावंच लागतं, नाहीतर विंडोज सुरू होणार नाही. जीफोर्स २१० सारखं कार्ड लावलेलं असेल तर ते आधी काढा, त्यात यूईएफआयचा डिस्प्ले ड्रायव्हर नसतो आणि सीएसएम गेलं की पडद्यावर काही येत नाही. केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा.

बसवल्यानंतर

अपग्रेड मागे घ्यायला दहा दिवस मिळतात: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. तोवर विंडोज डॉट ओल्ड साफ करू नका. सेटअप मधेच मागे फिरला तर सी ड्राइव्हवरच्या लपलेल्या, नावात टिल्ड बीटी असलेल्या विंडोज फोल्डरमध्ये सोर्सेस, पँथर इथे सेटअपएर डॉट लॉग वाचा. बहुधा एखाद्या ड्रायव्हरचं किंवा अँटिव्हायरसचं नाव सापडतं.

यादीबाहेरच्या मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दर महिन्याचे येत आहेत, वार्षिक आवृत्ती मात्र आपोआप येत नाही, ती दर वेळी नव्या आयएसओने वरच्याच वाटेने चढवावी लागते. ज्याच्या घरी हे मशीन द्यायचं त्याला ते करता येणार नसेल, तर वर्षातून एकदा आपल्यालाच जावं लागेल, हे धरून चाला.

पुढचं काम सिक्युअर बूटच्या प्रमाणपत्रांचं. २०११ ची मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य व्हायला लागतात. त्याने मशीन बूट होणं थांबत नाही, पण बूट मॅनेजरच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळायला २०२३ ची प्रमाणपत्रं फर्मवेअरमध्ये जावी लागतात. एच६१ लीगसी बूटवर आहे, तिथे सिक्युअर बूटच नाही, तो सुटला. ऑप्टिप्लेक्स, रायझन आणि आठव्या पिढीच्या बोर्डाची शेवटची बायोस आवृत्ती आता तपासायची आहे.