खडूचं वर्तुळ आणि बाहेरची ढीगली

चिनी पंचांगाचा सातवा महिना लागला की नानजिंगमधल्या आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या दारात पिवळ्या, खरखरीत कागदाच्या गड्ड्या येऊन पडतात. त्याच्या शेजारी रंगीत नोटांची बंडलं. त्यांच्यावर ताओ पंथातल्या जेड सम्राटाचं चित्र आणि मोजता मोजता दमावं इतकी शून्यं. या नोटा यमलोकात चालतात. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या आसपास इथे पितरांसाठी त्या जाळतात.

हा दिवस बहुतेक वेळा आपल्या नारळी पौर्णिमेच्या जवळपास येतो. पण 2025 मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आल्यामुळे तो 6 सप्टेंबरला आला, आणि दुसऱ्याच दिवशी आपली भाद्रपद पौर्णिमा होती. घरी आईने पितृपक्षाची तयारी सुरू केली होती, आणि इकडे शेजारच्या आयीने मला हाक मारली. (आयी म्हणजे चिनी भाषेत मावशी. आईच्या वयाच्या बाईला इथे आयीच म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द कानावर पडला तेव्हा मला भरून आलं होतं.)

आयी अडुसष्ट वर्षांची. चौकाच्या कडेला बसून तिने खडूने हातभर रुंद वर्तुळ काढलं, पण ते पुरतं मिटवलं नाही. वायव्येला, तिच्या वडिलांच्या गावाच्या दिशेला, बोटभर फट ठेवली. आत वडिलांचं नाव लिहिलं. मग पिवळे कागद एकेक सुटे करून पेटवत ती त्यांच्याशी नेहमीच्या सुरात बोलू लागली, ‘बाबा, पैसे घ्या, काटकसर करू नका, थंडीचे कपडे घ्या.’ हे सगळं आटोपण्याआधी तिने चारपाच कागद उचलून वर्तुळाच्या बाहेर ठेवले आणि त्यांची वेगळी ढीगली पेटवली. ही कुणासाठी, असं विचारलं. ती म्हणाली, ‘ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी.’

मला लगेच आपला धर्मपिंड आठवला. श्राद्धात नात्यागोत्यातल्या सगळ्यांचे पिंड ठेवून झाले की शेवटी ज्यांना पिंड देणारं कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी ठेवतात, तो.

चीनवर कन्फ्यूशियसची छाप आहे हे आपण शाळेपासून ऐकतो. ती छाप प्रत्यक्षात कशी असते ते मला या वर्तुळात दिसलं. आईवडिलांप्रती असलेल्या कर्तव्याला चिनीत ‘श्याव’ म्हणतात. हे अक्षर लिहिताना वर ‘म्हातारा’ या अक्षराचा भाग येतो आणि खाली ‘मूल’. मुलाने म्हाताऱ्याला डोक्यावर धरलंय असं ते दिसतं. इ. स. पूर्व 551 ते 479 या काळातल्या कन्फ्यूशियसने याच नात्यावर सगळी समाजव्यवस्था उभी केली. मात्र मेल्यानंतर माणसाचं काय होतं, यावर तो बोलायलाच तयार नव्हता. शिष्याने भुताखेतांची सेवा कशी करावी असं विचारलं तेव्हा त्याने उलट विचारलं, जिवंत माणसांची सेवा अजून जमत नाही, भुतांची कुठून जमणार? पितरांची पूजा मात्र ते समोर बसलेत असं समजूनच करायची. आणि आपल्या नसलेल्या पितरांना नैवेद्य दाखवणं ही त्याच्या लेखी निव्वळ लाळघोटेपणाची गोष्ट होती.

म्हणजे वर्तुळ कन्फ्यूशियसचं आहे, पण बाहेरची ढीगली त्याची असूच शकत नाही. ती आली आपल्याकडून.

बौद्ध भिक्खू चीनमध्ये पोचले तेव्हा कन्फ्यूशियन पंडितांचा त्यांच्यावर मोठा राग होता. शरीर, केस, कातडी हे आईवडिलांचं देणं, त्याला इजा न करणं ही श्यावची सुरुवात. आणि हे लोक तर मुंडण करतात! कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्शियस या विचारवंताने निपुत्रिक राहणं हा सगळ्यात मोठा कृतघ्नपणा ठरवलेला. हे लोक लग्नच करत नाहीत, वर घर सोडून जातात. या आरोपाला बौद्धांनी एका गोष्टीतून उत्तर दिलं, आणि ते मला फार सुंदर वाटतं. बुद्धांचे शिष्य महामोग्गलान, ज्यांना चिनी लोक ‘मू ल्येन’ म्हणतात, त्यांना दिव्यदृष्टीने आपली आई भुकेल्या प्रेतांच्या लोकात तळमळताना दिसली. त्यांनी भात नेऊन दिला, पण तोंडाशी नेताच त्याचे निखारे झाले. तेव्हा बुद्धांनी सांगितलं की वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, संपतो त्या दिवशी सगळ्या संघाला अन्नदान कर, त्या पुण्याने ती सुटेल. घर सोडलेल्या मुलानेच आईला प्रेतलोकातून सोडवलं. ही कथा चीनमध्ये गावोगावी पोचली, तिची नाटकं झाली. ज्यांना जेवू घालणारं कुणी नाही अशा भुकेल्या प्रेतांसाठी वाढून ठेवायची रीतही बौद्धांबरोबरच रुजली. ताओ पंथात हाच दिवस पृथ्वीदेवतेचा, मृतांना क्षमा करण्याचा. तिघांनी मिळून एक रात्र वाटून घेतली.

आणि त्या रात्रीचा धागा आमच्या नानजिंगपर्यंत येतो. सहाव्या शतकात हे शहर लिआंग घराण्याची राजधानी होतं. सम्राट वू (राज्यकाळ 502 ते 549) इतका बुद्धभक्त की राज्य सोडून वारंवार मठात जाऊन बसायचा आणि मंत्र्यांना मोठी रक्कम मोजून त्याला परत आणावं लागायचं. याच सम्राटाने कन्फ्यूशियन परंपरेतल्या श्यावच्या ग्रंथावर भाष्यही लिहिलं. त्याने आपल्या मठात 538 साली या दिवसाचं अन्नदान केल्याचं बौद्ध नोंदी सांगतात. तो मठ जिथे होता असं मानतात, त्या टेकडीवर आज जीमिंग मठ आहे. सकाळी आयी मला तिथे घेऊन गेली होती. तिने पिवळ्या पट्टीवर वडिलांचं नाव लिहून दिलं, आणि मुंडण केलेल्या भिक्खुणी तशा शेकडो नावांसमोर सूत्रपठण करत होत्या. सम्राटाने एकाच मनात दोन्ही ठेवली, आयीनेही ठेवली आहेत. तुमचा धर्म कोणता, असं मी तिला एकदा विचारलं होतं. तिला प्रश्नच कळला नाही.

मध्ये हे सगळं बंद पडायची वेळ आली होती. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, 1966 च्या नोव्हेंबरात, रेड गार्ड्सनी (माओच्या तरुण अनुयायांनी) कन्फ्यूशियसच्या जन्मगावी, छूफूमध्ये, शिलालेख फोडले, त्याच्या वंशजांच्या कबरी उकरल्या. आयी तेव्हा नऊ वर्षांची. तिची आजी त्या वर्षांत दार लावून, रात्री स्वयंपाकघरातल्या चुलीत कागद जाळायची. ‘धूर कमी व्हावा म्हणून एकेक कागद,’ आयी म्हणाली. तिची एकेक कागद सुटा करायची सवय तिथली.

आता सरकारच श्यावच्या बाजूने बोलतं. 1 जुलै 2013 पासून, वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं किंवा त्यांची विचारपूस करावी, असं कायद्यातच आहे. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, पण जुन्या थांग राजवटीच्या दंडसंहितेत आईवडिलांशी कृतघ्नपणा हा दहा महापातकांपैकी एक होता. दंडाचा धाक घालून राज्य चालवावं म्हणणारे कायदावादी कन्फ्यूशियसचे कट्टर विरोधक. पुढच्या राजांनी दोघांनाही कामाला लावलं: शिकवण याची, छडी त्यांची. मला स्वतःला हा कायदा पटत नाही. एकुलत्या एका मुलावर दोन म्हातारे आणि दूर दक्षिणेतल्या शेनझेन शहरातली बारा तासांची नोकरी असेल, तर त्याला कलम दाखवून काय होणार?

आयीचा मुलगा शेनझेनलाच आहे. कागद विझत आले तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला. तो ऑफिसमध्येच होता, मागे ट्यूबलाइटा दिसत होत्या. त्याने स्क्रीनकडे बघत तीनदा मान लववली, आजोबांना उद्देशून काहीतरी पुटपुटला. मग विचारलं, ‘आई, बाहेरच्यांना दिलंस ना?’

आयीने फोन वळवला आणि खाली वाकून वर्तुळाबाहेरच्या त्या लहानशा राखेवर धरला.