कळंगुटच्या आधी से कॅथेड्रल

कोल्हापुरातून निघालेली गाडी गोव्यात सहसा कळंगुटलाच जाऊन थांबते. यंदा आम्ही ती आधी ओल्ड गोव्याकडं वळवली. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पणजी आणि पुढं दहाएक किलोमीटर. पावसाळ्यात आंबोलीत धुकं दाटतं, तेव्हा घाट उजेडातच उतरा. एसटीनं येणाऱ्यांना पणजीच्या कदंबा स्टँडवरून बस मिळते.

सगळी झुंबड असते ती बॉम जेझूस चर्चला, सेंट झेवियरचं शव ठेवलेल्या पेटीपुढं. रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलचा लोक बाहेरूनच फोटो काढतात. माझं ऐकाल तर आधी तिकडं जा.

पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं 25 नोव्हेंबर 1510 रोजी आदिलशाहीकडून गोवा घेतला. तो दिवस सेंट कॅथरीनचा, म्हणून हे चर्च तिच्या नावाचं. आजच्या इमारतीचं काम 1562 साली सुरू झालं, बांधकाम 1619 ला उरकलं आणि आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला 1652 उजाडलं. म्हणजे इकडं तोरणा, पुरंदर स्वराज्यात आले तरी तिकडं आतलं काम चालूच होतं! मुख्य वेदीवरच्या सोनेरी चौकटींत कॅथरीनची कथा कोरली आहे. ती खालून वर, सावकाश बघा. भिंती मात्र आपल्या ओळखीच्या जांभ्याच्या, वर चुन्याचा गिलावा.

समोरून इमारत लंगडी दिसते. बुरूज दोन होते, त्यातला एक 1776 साली वीज पडून कोसळला आणि पुन्हा कुणी बांधलाच नाही. उरलेल्या बुरुजात ‘सुवर्णघंटा’ आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, शिक्षा जाहीर व्हायच्या तेव्हा हीच घंटा वाजवत, असं सांगतात. ते न्यायासन 1560 ते 1812, मध्ये थोडी वर्षं सोडली तर, इथं चाललं. त्याचा वाडा याच चौकात होता, आता तिथं नुसती हिरवळ आहे. गाइड हा भाग घाईनं उरकतात, म्हणून मुद्दाम विचारा.

बॉम जेझूसमध्ये मराठी माणसानं एक गोष्ट आठवावी. 1683 च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी इथून जवळचं जुवे बेट घेतलं, तेव्हा घाबरलेल्या विजरईनं (पोर्तुगीज व्हाइसरॉयनं) आपला राजदंड झेवियरच्या शवापाशी ठेवून गोवा वाचवण्याची विनवणी केली. पुढं औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याची मोगल फौज आली आणि महाराजांना माघारी वळावं लागलं. श्रेय अर्थात झेवियरला गेलं.

आता कामाचं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका, रविवारची सकाळ तर टाळाच. 3 डिसेंबरला झेवियरचं फेस्त (सण) असतं, त्या सुमारास पार्किंगची आशा सोडा. कॅथेड्रलशेजारचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. तिथली गव्हर्नर-विजरईंची चित्रं चुकवू नका. दुपारी उन्हाचा कडाका असतो, टोपी हवीच. त्याच दिवशी परतायचं असेल तर जेवण लवकर उरका आणि अंधाराआधी आंबोली चढा.