विकायला काढलेली घोडी

विकायला आणलेल्या घोड्याला मालिश करायचं असेल तर मी मालकाला आधीच सांगतो, की हाताला जे लागेल ते तुमच्याइतकंच गिऱ्हाइकालाही कळलं पाहिजे. ज्यांना हे पटत नाही त्यांच्या घोड्याला मी हात लावत नाही. पूर्वी मी एवढा काटेकोर नव्हतो. हा नियम मी सारंगखेड्याच्या जत्रेत केला, एका पंचकल्याणी घोडीमुळे.

सारंगखेडा शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि सोबत घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून ट्रक भरून जनावरं येतात. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. खान्देशातले घोडेवालेही येतात, त्यातले बरेच लग्नाच्या वरातीत घोडी नाचवणारे. मी दोंडाईचाकडचा. पुण्यात रेसच्या तबेल्यात सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, होतो. तिथे एका म्हाताऱ्या सईसाने खरारा (घोड्याचं अंग घासणं) आणि मालिश शिकवली. नंतर शरीररचना वाचत गेलो, डॉक्टरांच्या मागे उभा राहून पाहत गेलो. आता नंदुरबार-धुळे पट्ट्यात घोड्यांच्या अंगाचं काम करतो. मी डॉक्टर नाही. औषध देत नाही, सुई टोचत नाही. ताप, ताजी जखम, पोटदुखी किंवा काम केल्यावर ताठरलेले स्नायू दिसले तर मालिश करायची नसते, डॉक्टरांना फोन करायचा असतो.

त्या दिवशी पहाटे तापीवरून चांगलंच गार वारं येत होतं. शिरपूरकडच्या एका जिभाऊंनी बोलावलं. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, तीन पिढ्या घोडी सांभाळणारे.

"भाऊ, हिले जरा देख. दोन दिन व्हयनात, नाचस नही. तंग बांधा का चावाले येस. हट्टी व्हई गयी."

तंग म्हणजे खोगिराचा छातीखालून आवळायचा पट्टा. घोडी देखणी होती. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, म्हणून पंचकल्याणी. ट्रॉलीच्या वरच्या कड्याला आखूड दोरीने बांधलेली, म्हणजे मान सतत वर. बाजारात असंच बांधतात, जनावर रुबाबदार दिसतं म्हणून. दादर ज्वारीचा कडबाही ट्रॉलीतच, तिच्या नाकाच्या उंचीला. रात्रभर ती अशीच उभी होती.

मी लगेच हात लावत नाही, आधी तोंड पाहतो. २०१४ साली घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. मागे ताठरलेले कान, आवळलेले डोळे, डोळ्यावरचा ताण, घट्ट झालेले चावण्याचे स्नायू, आवळलेलं तोंड आणि ताणलेल्या नाकपुड्या, या सहा गोष्टी तीत पाहतात. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं मुळातच आत वळून एकमेकांना भिडतात, त्यामुळे नुसत्या टोकांकडे बघून फसायला होतं. कानाचं मूळ कुठे वळलंय ते बघावं लागतं. हिचं मूळ मागे होतं आणि डोळ्याच्या वर हाडाची कड उठून दिसत होती. हट्टी घोडी अशी दिसत नाही.

"जिभाऊ, आधी दोरी सोडा. मान खाली जाऊ द्या."

कडबा जमिनीवर टाकायला लावला. घोडा मोकळा असला की दिवसाचा बहुतेक वेळ मान खाली घालून चरतो. मान खाली गेली की टाळूपासून खांद्यांच्या उंचवट्यापर्यंत गेलेला जाड स्नायुबंध ताणला जातो आणि त्या ताणाने पाठ वर उचलली जाते. उलट मान वर आणि मागे खेचून ठेवली की पाठ खाली बसते, कंबर आखडते. नाचणाऱ्या घोडीचं कामच मान वर ठेवून पाय उचलायचं. कामाव्यतिरिक्तचे तासही तसेच उभं केलं तर त्या पाठीला विसावा कधी?

मग हात ठेवला. पहिला हात नेहमी मानेच्या बुडाशी, खांद्यांच्या उंचवट्याच्या जरा पुढे. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते इथेच. १९९३ साली फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की या जागी खाजवलं तर हृदयाचे ठोके कमी होतात. आमचे म्हातारे सईस हे न मोजता जाणत होते. चांदणीने (हे तिचं नाव) आधी कातडी थरथरवली. मी हात न हलवता थांबलो. दाब किती, तर पिकलेलं केळं काळं न पडता चाचपावं तितकाच. लोकांना वाटतं घोडा एवढा दांडगा, म्हणजे कोपराने रेटावं लागेल. तसं केलं तर तो स्नायू आवळून घेतो आणि मालिश करणाऱ्याला वाटतं, बघा केवढी गाठ आहे. ती गाठ त्याच्याच रेट्याने झालेली असते.

खांद्याच्या फऱ्यामागे (फरा म्हणजे खांद्याचं रुंद हाड), खोगीर टेकतं तिथे, दोन्ही बाजूंनी खोलगट खड्डे होते. मूठ बसेल एवढे. हे काही दोन दिवसांचं नव्हतं. खोगिराचा पुढचा भाग अरुंद असला आणि वर्षानुवर्षं तो त्याच जागी दाबत राहिला की तिथला स्नायू झिजत जातो. जिभाऊंनी खोगीर दाखवलं. जरीकाम सुंदर, घुंगरं, आरसे, पण खालची गादी दोन ठिकाणी दगडासारखी घट्ट झालेली. खोगीर फऱ्याच्या मागे बसलं पाहिजे आणि शेवटच्या, अठराव्या बरगडीच्या पुढे संपलं पाहिजे. हे फऱ्यावरच चढत होतं.

पण जुना खड्डा दोन दिवसांपूर्वीच्या बदलाचं उत्तर नव्हता. मी छातीकडे वळलो. तंग बसतो त्या जागी, उजव्या पायाच्या आतून, बोटं नेली मात्र आणि ती दात विचकून वळली. तिथले स्नायू दोरीसारखे ताणलेले. डावीकडे तसं नव्हतं.

घोड्याला आपल्यासारखं गळ्याखालचं आडवं हाड नसतं. पुढचे पाय आणि धड यांच्यात हाडाचा सांधाच नाही. सगळी छाती दोन पायांच्या मध्ये स्नायूंनी तोलून धरलेली असते आणि उभ्या घोड्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. एक पाय दुखरा झाला की हेच स्नायू त्याला जपायला आवळून बसतात. तंग नेमका त्यांच्यावरूनच जातो. म्हणजे ती तंगाला चावत नव्हती, तंगाखालच्या दुखण्याला चावत होती. फक्त दुखणं तिथलं की आणखी खालचं, हे अजून कळायचं होतं.

मी काम चालू ठेवलं. मानेच्या मुळापासून फऱ्यापर्यंत, मग बरगड्यांवरून पुठ्ठ्यापर्यंत, तळहाताने हळू. दुखऱ्या जागी थेट न जाता तिच्या भोवतीने. जवळच ढोल वाजत होते, कुणी घोडा नाचवून दाखवत होतं, लाउडस्पीकरवर हरवलेल्या पोराचं नाव पुकारत होते. तरी बऱ्याच वेळाने तिच्या पापण्या जड झाल्या. मग ओठ सैल पडला, तोंड चावल्यासारखं हललं आणि तिने लांबलचक जांभई दिली, एकामागून एक. मान गुडघ्यापर्यंत खाली आली. जिभाऊ बघतच राहिले. तेवढ्यात शेजारचा एक दलाल म्हणाला, "झालं काम! आता वाळूत फिरवून दाखवा, दुपारपर्यंत सौदा करून देतो."

आणि खरोखर ती मघापेक्षा कितीतरी मोकळी दिसत होती. वाळूत चालवली असती तर कुणालाही शंका आली नसती.

पण तिचा उजवा पुढचा पाय. सगळं अंग सैल पडलं तरी ती तो पाय पुन्हा पुन्हा डाव्याच्या पुढे टाकून, टाच न टेकवता उभी राहत होती. मागचा पाय आलटून पालटून सैल सोडणं ही विश्रांती असते. पुढचा एकच पाय असा पुढे काढून धरणं ही विश्रांती नाही, तो पाय दुखतोय. घोडी सैल होईपर्यंत ही खूण बाकीच्या आवळलेपणात झाकलेली होती. मालिशमुळे दुखणं गेलं नव्हतं, उघडं पडलं होतं.

मी खाली बसलो. खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंनी रक्तवाहिनी जाते, तिथे दोन बोटं ठेवली. निरोगी पायात ती नाडी शोधावी लागते. इथे बोटं ठेवताच ठणठण लागली. डाव्या पायात जेमतेम. खुराला हात लावला तर उजवा कोमट.

"नाल कधी मारली?"

"बजारले येवाना आगोदर. चार दिन व्हयनात."

हिशोब लागला. खुराच्या कडेला पांढरी रेषा असते. खिळा तिच्या बाहेरच्या मेलेल्या शिंगासारख्या भागातून गेला पाहिजे. आत, जिवंत भागाच्या फार जवळ गेला तर कधी लगेच कळतं, कधी दोन-तीन दिवसांनी दाब वाढत जाऊन घोडा लंगडू लागतो. मी जिभाऊंना म्हणालो, हिला डांबरी रस्त्यावर दुडकी चालीने चालवून बघू. वाळू दुखणं लपवते, डांबर लपवत नाही. थोडं अंतर पुरलं. उजवा पाय टेकताना डोकं वर जायचं, डावा टेकताना खाली. दुखरा पाय टेकताना घोडा डोकं उचलून त्यावरचा भार कमी करतो, हे एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही.

दलाल चिडला. जत्रेत सुया घेऊन फिरणारा एक जण त्याच्या ओळखीचा होता. दुखणं दाबायची सुई टोचून संध्याकाळपर्यंत घोडी विकायची, असा त्याचा बेत. जिभाऊ माझ्याकडे बघायला लागले. त्यांची अडचण मला कळत होती. घरात मुलीचं लग्न, घोडीचा भाव मनात ठरलेला, चार माणसं बघून गेलेली. मी काही उपदेश केला नाही. एवढंच म्हणालो, "जिभाऊ, सुई घेऊन ही नाचली तर खिळा आणखी आत दबेल. पू झाला तर खूर फुटेल. आणि घोड्याला धनुर्वात पटकन होतो, माणसापेक्षा लवकर. विकत घेणारा तिच्यावर नवरदेव बसवणार आहे. मी आज हिला मोकळं केलंय, त्या मोकळेपणावर कुणी फसलं तर त्यात माझे हात असतील."

ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच दलालाला जायला सांगितलं.

जत्रेतला नालबंद बोलावला. त्याने खिळे एकदम न ओढता एकेक काढले. आतल्या बाजूच्या एका खिळ्यापाशी हातोडी नुसती टेकवली तरी घोडीने पाय ओढला. तो खिळा निघाला तेव्हा टोकाशी ओलसर, काळपट होता. पशुवैद्यकीय छावणीतले डॉक्टर आले. त्यांनी खुराचा तळ चिमट्याने दाबून पाहिला, भोक स्वच्छ केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रोज गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बांधायला सांगितलं आणि किती दिवस काम नाही तेही लिहून दिलं. पू अजून साचला नव्हता. दोन दिवस आणखी नाचवली असती तर साचलाच असता, असं ते म्हणाले.

संध्याकाळी मी पुन्हा गेलो. तंगाच्या जागी बोटं नेली. ती नुसती वळून बघत राहिली, चावायला आली नाही. छातीचे स्नायू मी दिवसभर कितीही चोळले असते तरी खिळा असेपर्यंत ते पुन्हा आवळलेच असते. खिळा निघाल्यावर माझं काम एकदम हलकं झालं. हे मी तरुण मुलांना आवर्जून सांगतो, कारण हल्ली खान्देशात मालिशची हौस वाढतेय. चांगलं आहे. पण मालिश केल्यावर पुन्हा त्याच जागी गाठ येत असेल तर गाठीला जास्त दाबू नका. नाल बघा, खोगीर बघा, दाढांना धार आलीय का ते बघायला सांगा.

जत्रा संपायच्या आदल्या दिवशी निमाडकडचं एक गिऱ्हाईक आलं. जिभाऊंनी स्वतः पाय उचलून दाखवला, डॉक्टरांचा कागद दिला. त्या माणसाने सांगितलं, पंधरा दिवसांनी येतो, डांबरी रस्त्यावर चालवून दाखवा, मग बोलू. तो ठरल्याप्रमाणे आला. भाव जिभाऊंच्या मनातल्यापेक्षा थोडा कमी आला, पण घोडी उघड्या व्यवहारात गेली. जिभाऊंनीच फोन करून सांगितलं.

फऱ्यामागचे खड्डे मात्र तसेच होते. ते भरायला महिने लागतात, तेही खोगीर बदललं तर. नव्या मालकाला मी गादी कुठे सैल करायची ते खडूने घोडीच्या पाठीवर आखून दाखवलं होतं, कडबा जमिनीवर द्या म्हणालो होतो. कडब्याचं त्याने ऐकलं. खोगिराबद्दल म्हणतो, लग्नसराई होऊ द्या. मान वर ओढून बांधायच्या लगामावरूनही आमचं जमलेलं नाही. काटेरी लगामाला ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांचा छळ रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, तो त्याने काढला, पण लगाम आवळून बांधायची सवय जात नाही. उन्हाळ्यात तिकडे माझा फेरा असतो. घोडीही बघेन आणि तो वादही पुन्हा घालेन.